चाळिशीचे नवोदित

सेवानिवृत्तीचा हार गळ्यातून उतरायच्या आत अभिनयाच्या कार्यशाळेची चौकशी करणारे गृहस्थ हल्ली पुण्यात पेठोपेठी भेटतात. 'या वयात?' असं विचारायची सोय नाही. उत्तर तयार असतं: 'डॉ. श्रीराम लागूंनी बेचाळिशीत सुरुवात केली!'

केली ना, पण नाटकाची नव्हे. १९६९ साली त्यांनी नाक-कान-घशाची प्रॅक्टिस सोडली एवढंच. नाटकाचं वेड जुनंच. आधी बी. जे. मेडिकल, मग भालबा केळकरांसोबत पीडीए ही नाट्यसंस्था. दिवसा लोकांचे घसे तपासायचे, संध्याकाळी तालमीत स्वतःचा तापवायचा. १९७०च्या डिसेंबरात 'नटसम्राट' आलं, तेव्हा अप्पा बेलवलकरांच्या पिकल्या केसांखाली त्रेचाळीस वर्षांचा डॉक्टर उभा होता.

दुसरा दाखला निळूभाऊ फुल्यांचा. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम. पगार महिना ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. 'एक गाव बारा भानगडी'तले झेले अण्णा पडद्यावर आले १९६८ साली, म्हणजे वय चाळिशीला टेकल्यावर. पण तोवर सेवा दलाचं कलापथक आणि 'कथा अकलेच्या कांद्याची' यांत आवाज, नजर आणि थांबणं घोटून झालं होतं. म्हणून तर पुढे नुसतं 'बाई' म्हटलं तरी थिएटरातल्या बायाबापड्या बोटं मोडायच्या. हा डॉक्टर आणि हा माळी 'सामना'त समोरासमोर ठाकले आणि तो चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात पोचला.

आता आपली तोवरची वर्षं मोजू. बालगंधर्व रंगमंदिराच्या सहाव्या रांगेत बसलो. मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता 'पहिल्या संचात जी मजा होती ती नाही' असा निकाल दिला. घरी येऊन, एकांकिकेच्या तालमीहून रात्री अकराला परतलेल्या मुलाला सुनावलं, 'आधी डिग्री घे, नोकरी पकड, मग काय नाटकं करायची ती कर.' यालाच आता आपण अनुभव म्हणतो आणि कार्यशाळेच्या अर्जात भरतो.

अर्ज जरूर भरा. हौसेला मोल नाही आणि कार्यशाळेची फीसुद्धा तुमच्या पेन्शनला जड नाही. फक्त पहिल्याच दिवशी अप्पा बेलवलकर मागू नका. त्या म्हाताऱ्याला त्रेचाळिशीचा माणूस लागतो. तुमचं वय जरा जास्त झालं.