मुक्काम पोस्ट वैनगंगा

ज्या प्रदेशाने समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकात पाहिला, त्या प्रदेशातील माणसाने नौकाविहाराची भाषा बोलावी, हे कित्येकांस औद्धत्याचे वाटेल. तथापि बालाघाट जिल्ह्यातील आमची खैरलांजी वैनगंगा आणि बावनथडी या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेली असल्यामुळे, आणि एखाद्या वर्षी श्रावणात त्या दोघीही काठच्या शेतांची जातीने पाहणी करून जात असल्यामुळे, पाण्याशी आमचा घरोबा बंदरातल्या कोणत्याही माणसाइतकाच आहे, असा माझा दावा आहे. बंदरातला माणूस पाण्याकडे जातो, आमच्याकडे पाणी येते, एवढाच काय तो फरक.

त्यातून वैनगंगेची प्रकृतीच मुळी निवांतपणाला अनुकूल. सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे जन्म घेतल्यावर एखादी कर्तव्यदक्ष नदी मुकाट्याने समुद्राचा रस्ता धरती. ही मात्र प्रथम त्याच जिल्ह्याला एक ऐसपैस अर्धवर्तुळाकार वळसा घालते, मग केव्हातरी दक्षिणेचे मनावर घेते, आणि वर्धेला भेटून प्राणहिता हे नाव धारण करीपर्यंत सुमारे ५८० किलोमीटरांचा प्रवास करते. अशा नदीवर घाईने जाणे हा तिचा उपमर्द होय. म्हणून माघातल्या एका सुट्टीच्या दिवशी, पात्र शांत आणि ऊन सौम्य असताना, आम्ही डोंग्यातून निघालो ते कोठेही न पोहोचण्याच्या निश्चयाने.

डोंगा एका वृद्ध ढिवरमामांचा. सुकाणू, शीड, यंत्र यांपैकी कोणतीही उपाधी त्याला चिकटलेली नव्हती. एक लांब बांबू आणि मामांची इच्छा, एवढ्यावर त्याचा कारभार चाले. नांगर म्हणून फुटक्या जात्याची वरची तळी दोरीने बांधलेली होती. खुंट्याचे भोक आयतेच असल्यामुळे दोरी ओवण्यास तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. माझ्यासोबत आमचे एक सेवानिवृत्त पटवारी स्नेही होते. हयातभर जरीब ओढून इतरांच्या हद्दी कायम केल्यामुळे बेवारस मोकळी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. त्यांनी रोडगे, वांग्याची भाजी आणि एक नजरी नकाशा, असे तिन्ही पदार्थ सारख्याच काळजीने फडक्यात बांधून आणले होते.

जेरोम के. जेरोम या इंग्रज लेखकाने १८८९ साली टेम्स नदीवरील नौकाविहाराचे पुस्तक लिहून जगाला हसविले. पण त्यातील तिघे गृहस्थ अखेर पावसाला कंटाळून नाव सोडतात आणि आगगाडी धरतात. आम्हांस तीही पळवाट नाही. हावडा-मुंबई लोहमार्ग नदीपलीकडे, तिरोड्याहून जातो; म्हणजे पळायचे झाले तरी परराज्यातूनच पळावे लागणार.

हे परराज्य प्रकरण जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. एके काळी या नदीचे दोन्ही काठ एकाच मध्यप्रांतात, नागपूरच्या छत्राखाली सुखाने नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला, आणि जी नदी तोवर गोयऱ्या-सोयऱ्यांना जोडीत होती ती एका रात्रीत सरहद्द बनली. लग्ने अद्यापि पूर्ववत पार पडतात. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे मात्र हाल होतात. या सरहद्दीला खरा नकार दिला तो सारसांनी. सहा फुटांच्या आसपास उंची असलेला हा डौलदार पक्षी बालाघाट आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांच्या धानबांध्यांतून जोडीने हिंडतो. भोजन एका राज्यात आणि निद्रा दुसऱ्या राज्यात, असा त्याचा परिपाठ असल्यास त्याची चौकशी कोणत्याही कचेरीत होत नाही. गणनेच्या दिवशी मात्र मोजणारांची पंचाईत होत असावी.

पात्राच्या मध्यभागी मामांनी तळी पाण्यात सोडली. पटवारीसाहेबांनी नकाशा उलगडला, दोन्ही तीरांवरील झाडे डोळ्यांनी जोखली, आणि सदर जागेस खसरा क्रमांक नसून आपण या क्षणी कोणत्याही मौज्यात मोडत नाही, असा निर्वाळा दिला. मला फार बरे वाटले. ज्याच्यावर ना पटवाऱ्याचा अंमल ना तलाठ्याचा, असा माणूस होण्यासाठी पूर्वी संन्यास घ्यावा लागे. परंतु वाऱ्याने डोंगा दोरीभोवती फिरू लागला, तसा माझ्या खिशातील मोबाइल अस्वस्थ झाला. त्याने प्रथम महाराष्ट्रात माझे सहर्ष स्वागत केले; झुळूक उलटताच मध्यप्रदेशात केले; आणि रोडगे संपेपर्यंत दोन्ही राज्ये आळीपाळीने माझे इतके स्वागत करीत राहिली की एवढे माझ्या सासुरवाडीनेही कधी केले नव्हते. पटवारीसाहेब प्रत्येक स्वागताची वेळ नकाशाच्या समासात टिपून ठेवीत होते. "तुमचा रहिवास ठरवायला पुरावा लागेल," ते गंभीरपणे म्हणाले.

"मामा, पुढे केव्हा जायचं?" मी विचारले.

"पुढं काय हाये?" मामांनी डोळे न उघडताच विचारले.

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून मीही आडवा झालो. खरा नौकानयनपटू कोण, याचा निर्णय नाव चालवताना होतच नाही. बांबू मारणे दोन दिवसांत कोणासही येईल. पण थांबलेल्या नावेत अपराधी न वाटता पडून राहणे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर काढल्याखेरीज साधत नाही. मामांना ती सिद्ध होती. पटवारीसाहेबांना दर पाच मिनिटांनी काहीतरी मोजावेसे वाटत होते आणि माझ्या मनात गिरणीत ठेवून आलेला डबा घोळत होता.

ऊन कलल्यावर मामांनी दोरी ओढली. ती येईना. जात्याची तळी वाळूत अशी बसली होती की जणू तिला तेथेच पुन्हा दळण आरंभावयाचे होते. आणि इकडे डोंग्याचे बूडही, ज्या रेतीचा सरकार वाजतगाजत लिलाव करते त्याच रेतीत, विनामूल्य रुतले होते. आम्ही उतरलो. पाणी गुडघ्याइतके होते. दिवसभर ज्या अथांग जलाशयावर आपण तरंगत आहो असे मी समजत होतो, त्यात उभे राहून, धोतर खोचून, पटवारीसाहेबांनी मागून आणि मी बाजूने डोंगा ढकलीत तीरापर्यंत आणला. मामा, कोणीतरी दिशा सांगावयास हवे म्हणून, आत बसून होते.

काठावर मी ठरलेले पैसे पुढे केले, आणि परतीच्या वाटेवर श्रम आमचेच झाले असल्याची सौम्य शब्दांत जाणीव करून दिली. मामांनी नोटा मोजून कंबरेला खोवल्या.

"बसन्याचाच घेतला, गुरुजी," ते म्हणाले, "ढकलन्याचा कुठं घेतला?"