हरलेला पाहिजे!

निवडणुकीत कुणीतरी हरतं, असं आम्ही नागरिकशास्त्रात शिकलो होतो. ते पुस्तक आता रद्दीत घालायला हरकत नाही. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला आणि मी शुक्रवार पेठेत हरलेला माणूस शोधायला निघालो. सदराला एक तरी पडलेला चेहरा हवा होता.

पहिले भेटले मालक. (सोलापुरात दुकान नसलं तरी माणूस मालक असू शकतो.) मालक कमळवाले. इथे राम सातपुते पडले, प्रणिती शिंदे ७४ हजारांवर मतांनी आल्या, शेजारी माढ्यात रणजितसिंह नाईक-निंबाळकरही गेले. मी सुतकी चेहरा करून गेलो, तर मालक पेढा पुढे करून उभे.

‘‘हरलाव म्हणून कोण बोलायलंय ओ? दिल्लीत सरकार कुणाचं? सलग तिसऱ्यांदा!’’

‘‘पण चारशे पार म्हणत होता. आल्या २४०.’’

‘‘चारशे ही भावना होती. भावना मोजत असतात व्हय?’’

समोरच्या कट्ट्यावर काँग्रेसचे काका. तिथं तर हलगी. २०१४ आणि २०१९ ला सुशीलकुमार शिंदे याच मतदारसंघात पडले होते, म्हणून लेकीच्या विजयाचा आनंद खरा, हे मान्य. पण वाजवणाऱ्यांचा जोर असा, की शपथविधी पार्क मैदानावरच आहे आणि राहुल गांधी पुण्यापर्यंत पोचलेत. ‘‘देशात ९९!’’ काका ओरडले. ‘‘सरकार यायला २७२ लागतात,’’ मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘‘तुम्ही बेरीज बघायलाव. नैतिक विजय बघा की.’’

अजितदादांच्या घड्याळवाल्याकडे गेलो. चार जागा लढले, आली रायगडची एक. बारामती तर घरातच गेली. ‘‘रायगडात शंभर टक्के निकाल आहे,’’ तो शांतपणे म्हणाला. वंचितवाल्याला विचारायला मलाच संकोच वाटत होता. २०१९ ला प्रकाश आंबेडकरांनी इथे पावणेदोन लाखांच्या आसपास मतं घेतली होती; या खेपेला पक्षाच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला. त्याचं उत्तर मात्र बिनतोड होतं: ‘‘जो उभाच नाही, तो पडंल कसा बे?’’

अक्का नळाला मोटर लावत होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘चार दिवसांनी पाणी आलंय, निकाल नंतर सांग.’’

शेवटी एक सापडला! पेठेतल्या एका अण्णांचा धाकटा मोबाइल हातात घेऊन सुन्न बसला होता. १ जूनच्या एक्झिट पोलवर विश्वास ठेवून ३ जूनला त्याने शेअर घेतले, आणि ४ तारखेला सेन्सेक्स ४,३०० हून अधिक अंकांनी आपटला. एक्झिट पोलवाले टीव्हीवर रडले, हा बिचारा बोळात. मी हर्षाने वही उघडली. ‘‘लिहू का, हरलेला म्हणून?’’ तो ताडकन उठला. ‘‘हरलो कशाला? आपली गुंतवणूक लाँग टर्म आहे!’’ दुसऱ्या दिवशी बाजार वर आला आणि त्यानेही पेढे वाटले.

मी नाद सोडला. मग नोव्हेंबरात विधानसभा झाली. २३ तारखेला महायुतीने मैदान मारलं. प्रणितीताई तीनदा जिथून आमदार झाल्या, त्या शहर मध्य मतदारसंघात भाजपचे देवेंद्र कोठे आले आणि काँग्रेस तिसऱ्या नंबरला गेली. दक्षिण सोलापुरात मतदानाच्या दिवशीच शिंदे पिता-पुत्रींनी मित्रपक्षाचा, म्हणजे ठाकरेसेनेचा, उमेदवार सोडून अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा दिला. निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख. आघाडीधर्म नावाचा जो कुणी होता, त्याची अनामत रक्कम गेली असावी, पण तो कुठल्या वॉर्डात राहतो हे पेठेत कुणाला सांगता येईना.

आता काका तरी कबूल करतील? छे! जूनमध्ये ज्या मतदानयंत्रातून जनतेचा आवाज आला होता, ते यंत्र नोव्हेंबरात काकांच्या मते बिघडलं होतं. आणि जूनमध्ये मतदारांची दिशाभूल झाली म्हणणारे मालक आता मतदार किती सुज्ञ आहे, हे सांगत फिरत होते.

त्यावर कळस चढवला आमच्याच जिल्ह्याने. माळशिरसमध्ये शरद पवारांच्या पक्षाचे उत्तम जानकर जिंकले आणि सातपुते पुन्हा पडले. पण मारकडवाडी गावात सातपुतेंना आघाडी मिळाली, म्हणून जानकरांचे समर्थक चिडले. ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर आपलं आपण मतदान घ्यायला निघाले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान थांबलं. पाठोपाठ खुद्द पवारसाहेब गावात येऊन गेले. म्हणजे जिंकलेल्याची यंत्राबद्दल तक्रार आणि हरलेल्याचा पक्ष यंत्राची बाजू घेऊन उभा!

ही बातमी मी कट्ट्यावर वाचून दाखवली. बराच वेळ मालक आणि काका एकमेकांकडे बघत राहिले. मग मालकांनी हळूच विचारलं, ‘‘म्हणजे सध्या यंत्राच्या बाजूने आपण आहोत ना?’’

काका म्हणाले, ‘‘महापालिकेपर्यंत तरी तुम्हीच.’’