डावी बाजू

साबण फिरवता फिरवता हात डावीकडे अडखळला. वय 46, दोन मुली, डोक्यावर घराचं कर्ज, आणि आता अंडकोशात हा गांडुळांचा गुंता! पलंगावर आडवा पडून चाचपलं, तर काहीच नाही. उभा राहिलो, गुंता हजर. पुन्हा आडवा, पुन्हा पसार. असं पाच-सहा वेळा झाल्यावर दारातून आवाज आला, "अहो, हा व्यायाम कधीपासून?"

बायकोला सांगायला मला तीन आठवडे लागले. मी कर्जवसुलीतला माणूस. लोकांच्या दारात उभं राहून थकलेले हप्ते मोठ्याने विचारतो. पण स्वतःच्या अवयवाचं नाव काही तोंडातून निघेना.

दवाखान्यातही तेच. "कुठे दुखतंय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. मागे वीसेक माणसं बसलेली. मी हळूच म्हणालो, "मांडीच्या जरा वर." तिने मला हाडांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय गोल फिरवला. मी आपला "अजून थोडं वर" म्हणत राहिलो. ते कमरेपर्यंत पोचले तेव्हा "आता थोडं खाली" म्हणावं लागलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला आणि माझे 500 रुपये पडले.

मूत्ररोगतज्ज्ञांनी आधी एसी बंद केला. थंडीत सगळं आखडतं म्हणे. मग स्टूल ओढून बसले. "उभे राहा. आता कुंथा."

ही आज्ञा मी शेवटची ऐकली ती आईच्या तोंडून, वयाच्या तिसऱ्या वर्षी. तेव्हा जे अपेक्षित असायचं ते इथे होऊ नये, म्हणून मी जपून कुंथलो. "अहो, नीट जोर लावून कुंथा!" बाहेरच्या वीस जणांना आता हाडांबद्दल काही शंका उरली नसावी.

"आडवे व्हा." झालो. गुंता गायब! गॅरेजमध्ये नेली की गाडीचा आवाज बंद होतो, तशी माझी गत. "डॉक्टर, आत्ता होतं हो!"

डॉक्टर मात्र खूश. "जातंय तेच बरं. आडवं झाल्यावरही तसंच राहिलं असतं, किंवा अचानक एकट्या उजवीकडेच आलं असतं, तर वर मूत्रपिंडाजवळ शिरेला काही दाबतंय का, ते शोधावं लागलं असतं." म्हणजे तीन आठवडे ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, तीच माझ्या बाजूची साक्षीदार निघाली.

याला व्हॅरिकोसील म्हणतात. उजवी शीर तिरकी जाऊन थेट मोठ्या शिरेत उतरते. डावी लांबलचक चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात भिडते. झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली तुंबतं. हे नळकाम ज्याने केलं त्याला आमच्या सोसायटीने दुसऱ्यांदा बोलावलं नसतं. या शिरांच्या जाळ्याचं वैद्यकीय नाव वेलीच्या ताण्यांसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलंय. मी नाशिकचा, द्राक्षवेलीने इतकी जवळीक साधावी असं कधी वाटलं नव्हतं! आणि 100 पुरुषांत साधारण 15 जणांना हे असतं. परतताना बसमध्ये मी नकळत मोजत होतो.

त्याआधी डॉपलर सोनोग्राफी झाली. गार जेल, पुन्हा "कुंथा", आणि मशीनमधून उलट्या वाहणाऱ्या रक्ताची घुर्रर्र. शीर 3.4 मिलिमीटर, 3 च्या वर गेली की फुगलेली धरतात. दोन्ही वृषणांचा आकार मात्र सारखा.

"अजून मुलं हवीत?"

"नको!" हे मात्र मी बाहेर ऐकू जाईल असं म्हणालो.

म्हणून वीर्यतपासणी टळली. तिच्याआधी 2 ते 7 दिवसांचा संयम लागतो म्हणे. तिथे माझी तयारी उत्तम होती.

संध्याकाळी जडपणा येतो म्हटल्यावर आधार देणारी घट्ट चड्डी वापरायला सांगितली. ऑपरेशनची घाई नाही. दुखणं वाढलं तर या.

घरी आलो तर सासूबाई फोनवर. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. बायको आधी कुजबुजली, मग वैतागून ओरडली, "अगं, शिरा! यांच्या शिरा फुगल्यात!"

पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "शिरा फुगला तर चांगलंच की. जावईबापूंनी रवा नीट भाजला असेल."