भोपळा कुठे लावायचा?

माझे हात आखूड आहेत, ही गोष्ट मला वयाच्या ५३व्या वर्षी एका सतरा वर्षांच्या मुलीने सांगितली. तोपर्यंत शर्टाच्या बाह्या लांब येतात हा सांगलीतल्या समस्त शिंप्यांचा दोष आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

खूळ शिरलं ते १ ऑगस्ट २०२४ रोजी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचं कांस्यपदक पटकावलं. थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून. यातलं झोपणं मला येत होतं, म्हणजे एक तृतीयांश तयारी झालेलीच होती. शिवाय आम्ही एकाच पाण्याचे. (त्याच्याकडची पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे सांगलीच्या खाली. तिचं पाणी उलटं चढून माझ्या नळाला येणं अशक्य, हे भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं. पण उत्साहात नकाशा कुणाला आठवतो?)

आठवड्याभरात कोल्हापूरच्या मावसभावाने त्याची एअर रायफल माझ्या गळ्यात मारली. भाऊ सहा फूट दोन इंच. रायफलची नळीही त्याच्याच घराण्यात शोभेल अशी लांबलचक. नळी मोडून छर्रा घालायचा, स्प्रिंग दाबली गेली की नळी परत सरळ करायची, असा प्रकार. घरी आणली तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, "अहो, लायसन?" मी ऐटीत सांगितलं, की ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि २० ज्यूलच्या आतला जोर असेल तर लायसन लागत नाही.

"म्हणजे सरकारसुद्धा हिला घाबरत नाही," ती म्हणाली.

दर रविवारी मी कोल्हापूरला सरावाला जाऊ लागलो. १० मीटरवरचं ते लक्ष्य एकदा बघण्यासारखं असतं. सगळं मिळून ४५.५ मिलिमीटरचं, कटिंग चहाच्या ग्लासच्या तोंडाएवढं, आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट मी चष्मा लावूनही फक्त औषधाच्या पाकिटावर वाचलेली. पहिल्या दिवशी माझा कागद गेला तसाच कोरा परत आला. भोपळा. दुसऱ्या रविवारी भोपळा. तिसऱ्या रविवारी एक छर्रा लागला, पण तो शेजारच्याच्या कागदाला.

मी आधी चष्म्याला दोष दिला, मग बीपीच्या गोळीला, मग येताना खाल्लेल्या मिसळीला. शेजारी सराव करणारी ती मुलगी तीन रविवार हे ऐकत होती. चौथ्या रविवारी तिला राहवलं नाही.

"काका, कोपर काटकोनात वाकवा." तिने रायफलच्या लाकडी दस्त्याचं मागचं टोक माझ्या कोपराच्या खोबणीत टेकवलं. "आता बोट ट्रिगरपर्यंत पोचतंय का बघा." पोचत नव्हतं. एस.टी. चुकलेल्या माणसासारखं ते दोन इंच मागे उभं राहिलं. "दस्ता चौदा इंच आहे, काका. तुम्हाला बारा हवा." मग जरा थांबून, "तुमचे हात आखूड आहेत."

मी दुसरं वाक्य सोडून दिलं आणि पहिलं घट्ट धरलं. दस्ता मोठा आहे! म्हणजे दोष माझा नव्हे, लाकडाचा! लांब दस्त्यामुळे मी मान पुढे ताणत होतो, गाल कुठेतरी भलतीकडे टेकत होता आणि नळीच्या टोकाची माशी डोळ्यासमोर येतच नव्हती. घरी येऊन वाचलं तर कळलं, की इंग्रजांच्या ली-एनफिल्ड रायफलीलासुद्धा चार मापांचे दस्ते असत, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने: बँटम, शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग. जगभर एकाच मापाची शिस्त लावणाऱ्या साहेबालाही माणसांचे हात सारखे नसतात हे कळलं होतं. मी बँटममध्ये बसत होतो. बँटम ही कोंबड्याची ठेंगणी जात आहे, हे मात्र घरी सांगितलं नाही.

"दस्ता बदलायचाय," एवढंच सांगितलं. आईने स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणून दिला. चिरंजीवांनी शब्दकोश उघडून दस्ता म्हणजे कागदाचे चोवीस ताव असल्याचं सांगितलं. बायकोने विचारलं, "किती रुपये?"

स्वस्तात करायचं म्हणून आमच्या सोसायटीत स्वयंपाकघरांची कपाटं बसवणाऱ्या कारागिराला गाठलं. त्याने करवतीने मागचे दोन इंच सफाईने उडवले, कड घासली, तिला सनमायका लावू का विचारलं, आणि निघताना म्हणाला, "धरायला त्रास होत असंल तर एक हँडल ठोकून देऊ का?"

माप आता बरोबर आलं. फक्त रायफल उभी राहीना. म्हणजे खांद्याला लावली की तिचं तोंड हळूहळू जमिनीकडे जायचं, दुपारच्या व्याख्यानातल्या श्रोत्यासारखं. कारण शाळकरी पोरालाही समजेल असं होतं: मागचं लाकूड गेलं, पुढची लांब नळी तेवढीच राहिली, त्यामुळे तोल पुढे सरकला. नळी थोडी जड असलेली बरी, नेम थरथरत नाही. पण इथे सगळाच भार डाव्या हातावर आला. मी मागच्या बाजूला पाव किलोचं वजन बुटाच्या नाडीने बांधलं. पण स्प्रिंगच्या रायफलीची एक खोड असते. चाप ओढला की ती आधी मागे ढुशी देते आणि आतला दट्ट्या पुढे आपटला की लगेच पुढे हिसका मारते. मागच्या ढुशीला वजन जागचं हललं नाही, पुढच्या हिसक्याला ते नाडीसकट माझ्या पायावर आलं. त्या दिवसाचा माझा एकमेव अचूक नेम.

अंगठ्याला पट्टी बांधून पडलो असताना मला मिरज आठवली. मिरजेचे तंबोरे साऱ्या देशात जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते घडवणारी शिकलगार मंडळी मुळात हत्यारं बनवणारी, हत्यारांना धार लावणारी. लढाया संपल्या, संस्थानं निवांत झाली आणि दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांचे हात तलवारीवरून तंबोऱ्यावर वळले. मी विचार केला, हत्याराकडून वाद्याकडे जाता येतं, तर त्याच रस्त्याने परतही येता येईल.

चादरीत गुंडाळलेला दस्ता घेऊन बसमध्ये बसलो. शेजारचा म्हणाला, "दिलरुबा का?" मी हो म्हटलं.

मिरजेतल्या तंबोरे घडवणाऱ्या एका चाचांनी दस्ता चादरीतून काढून उलटासुलटा केला. दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे छताला टांगलेले, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या.

"साहेब, पणजोबांनी सोडलेला धंदा आहे हा. आता कशाला?"

"चाचा, बंदूक नको. तोल हवाय."

हा शब्द लागू पडला. चाचांनी एक तंबोरा माझ्या हातात दिला. "दांडी किती लांब आहे बघा. तरी गवयाच्या हाताला जड होते का? सगळा भार भोपळ्याकडे. तुमच्या बंदुकीचा भोपळा कुठाय?"

माझा भोपळा कुठे असतो हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

लाकूड मी घरून आणलं: आजोबांच्या शिसवी पलंगाची डोक्याकडची फळी, चांगली दोन इंच जाड. (पलंग आता दोन्हीकडून सारखाच दिसतो आणि बायको त्यावर पायाकडे डोकं करून झोपते.) चाचांनी फळीवर बोट फिरवत रेघ पाहिली. दस्ता मुठीपाशी बारीक होतो आणि मोडला तर तिथेच मोडतो, म्हणून तिथे रेघ आडवी जाता कामा नये. मग माप घ्यायची वेळ आली. नेमक्या त्याच वेळी पुण्याहून संगीताच्या चार-पाच विद्यार्थिनी तंबोरे बघायला दुकानात शिरल्या.

पुढचं काय सांगू? छाती पुढे आली, पोट आत गेलं, खांदे मागे. "असेच उभे राहता का नेहमी?" चाचांनी विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. तोंड उघडलं असतं तर श्वास सुटला असता. गालाची उंची, खांद्याचा कोन, चापापर्यंतचं अंतर अशा पेन्सिलीच्या तीन खुणा झाल्या, आणि तिन्ही वेळा मी तसाच ताठ उभा होतो.

महिन्याने दस्ता हातात आला तेव्हा मी हरखून गेलो. तंबोऱ्यासारखी झळाळी, गालाच्या जागी हलका उंचवटा, आणि मागच्या टोकात भोक पाडून आत शिसं भरलेलं. हाच तो भोपळा. डाव्या तळहातावर ठेवली की रायफल वाण्याच्या तराजूसारखी आडवी राहायची. दुकानात, श्वास रोखून, खांद्याला लावली तर डोळा, माशी आणि समोरच्या भिंतीवरचा खिळा एका रेषेत!

रविवारी कोल्हापुरात पुन्हा भोपळा.

ती मुलगी मोबाइल घेऊन आली. "काका, काहीतरी गडबड आहे. व्हिडिओ काढते." मग तिने मलाच तो दाखवला. स्क्रीनवर एक ताठ, रुबाबदार माणूस रायफल उचलतो. गाल जागेवर बसतो, कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. मग थोड्या वेळाने पोट सावकाश प्रकट होतं, कोपर हाडावरून पोटावर येतं, खांदा बोटभर उतरतो, गाल लाकडावरून सुटतो, आणि आता भलत्याच माणसाच्या हातात ती सुंदर रायफल दिसते.

तिने वेळ मोजली. आठ सेकंद.

"वाईट नाही, काका. श्वास रोखल्यावर साधारण तेवढ्यातच शॉट सुटायला हवा. फक्त स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट असतात."

म्हणजे साठ वेळा पोट आत घ्यायचं. मी त्या दिवशी अकरा वेळा घेतलं. अकराव्या वेळी कागदाला भोक पडलं, सात गुणांचं, आणि माझ्या पाठीत उसण भरली.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. "काय साहेब, सूर लागला का?"

"लागतो चाचा, पण आठच सेकंद."

"पुरे की," चाचा म्हणाले. "आणि ते दुसरं माप कधी देताय, श्वास सोडून?"