फौजींच्या ओट्यावर बसण्याचे नियम

(नवे जावई, बदलून आलेले मास्तर, तलाठी आणि भरतीची तयारी करणारी पोरं यांच्या माहितीसाठी)

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या आसेगावाला समुद्र नाही, विमानतळ नाही, सीमाही नाही. तरीपण तिन्ही दलांची बैठक रोज सकाळी चहाच्या टपरीशेजारच्या ओट्यावर भरते. तिन्ही दलांत मेळ राहावा म्हणून सरकारने चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद निर्माण केलं आणि १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत यांनी त्याचा कार्यभार घेतला. ही बातमी ओट्यापर्यंत पोचली, लागू मात्र झाली नाही. म्हणून नवख्याने पुढील नियम पाठ करावेत.

नियम १. आधी दल ओळखावं, मग तोंड उघडावं.

१५ ऑगस्टला शाळेच्या झेंड्यापाशी सगळ्यांच्या उजव्या हातांकडे बघावं. पंजा सरळ समोर दिसला तर आर्मी. तळवा जमिनीकडे झुकला असेल तर नेव्ही. जुन्या जहाजांवर दोरखंडांनी आणि डांबराने हात काळे व्हायचे, ते साहेबाला दिसू नयेत म्हणून ही रीत पडली असं सांगतात. हवाई दलाची सलामी या दोन्हींच्या मधली, पंचेचाळीस अंशांची, पण ती २००६ पासून. आधी तेही आर्मीसारखाच पंजा दाखवायचे. आमचे एअर फोर्सवाले काका त्याआधीच रिटायर झाले, त्यामुळे त्यांचा हात अजून आर्मीचाच राहिला आहे. आर्मीतून रिटायर झालेल्या सुभेदारसाहेबांनी हे हेरलंय. आपण हेरू नये.

नियम २. हुद्द्यांची तुलना करू नये.

आर्मीतला कॅप्टन म्हणजे खांद्यावर तीन तारे असलेला तरुण पोरगा. नेव्हीतला कॅप्टन आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा. दोघांना एका तराजूत तोललं की चहा थंड होईपर्यंत सुटका नाही. सुभेदार म्हटलं की गावाला कळतं, उठून जागा देतात. नेव्हीवाल्या काकांनी मात्र छाती काढून ‘मास्टर चीफ पेटी ऑफिसर’ सांगितलं, की एखादा म्हातारा हमखास विचारतो, ‘मंग भजनात काऊन येत नाही?’

नियम ३. सीआरपीएफवाल्याला ‘तुम्हीपण फौजीच ना?’ असं विचारू नये. ओटा गप्प होतो.

नियम ४. टपरीच्या टीव्हीवर ‘बॉर्डर’ लागला तर चॅनल बदलावं.

हा नियम रक्ताने नाही तरी चहाने लिहिलेला आहे. सिनेमा १९९७ चा, लढाई लोंगेवालाची, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची. पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि समोर पाकिस्तानी रणगाड्यांची रांग. सनी देओल ओरडायला लागला की सुभेदारसाहेब पाय वर घेऊन बसतात. तेवढ्यात एअर फोर्सवाले काका शांतपणे म्हणतात, ‘टँक कोनं फोडले ते सांगा.’ फोडले जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी, हे खरंच आहे. सुभेदार म्हणतात, ‘आन् रात्रभर तठी कोन थांबलं? तुमचे इमानं तं झोपून होते!’ हेही खरंच आहे. हंटरला अंधारात मारा करायची सोय नव्हती, ती उजाडल्यावर आली. म्हणजे रात्र पायदळाची आणि सकाळ हवाई दलाची. इतकी साधी वाटणी आहे, पण ती मोठ्याने बोलून दाखवणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात. त्यात नेव्हीवाले काका आठवण करून देतात की त्याच रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराची पेटवली आणि म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन असतो. त्यावर कोणी सिनेमा काढला नाही म्हणून ते रुसलेले आहेत.

आमचे मामा या सगळ्यात एकाच पात्राची वाट बघत असतात. लंगर सांभाळणारा फौजी दिसला की म्हणतात, ‘हा खरा.’

नियम ५. मामांना ‘तुम्ही लढाईत होते का?’ असं विचारू नये.

मामा एएससीत होते, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद. तिन्ही दलांची भांडणं एकवेळ परवडली. आर्मीच्या पोटातली भांडणं त्याहून वाईट. पायदळवाल्याच्या मते पायदळ सोडून बाकी सगळे नोकरदार. देवळालीचा तोपखानेवाला म्हणजे बहिरा, खडकीचा सॅपर म्हणजे गावातल्या प्रत्येक रपट्याला नावं ठेवणारा, आणि एएससीवाला म्हणजे ‘दाळ-आटा पलटन’. सुभेदारसाहेब हे मामांच्या तोंडावर म्हणतात.

मामा उलट बोलत नाहीत. ते लग्नसराईची वाट बघतात. गावात पंगत ठरली की आचाऱ्याआधी मामांना बोलावतात. ते तुरीची डाळ तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडतात, एक दाणा दाताखाली फोडतात आणि पोतं परत पाठवतात. मग मुलीच्या बापाला विचारतात, ‘पोळ्या किती?’ पोळ्या असतील तर शेकडा सहा किलो तांदूळ, नसतील तर आठ. वरात उन्हातून येणार असेल तर भात कमी, पाण्याचे ड्रम दुप्पट. मीठ आधी मोजून वेगळं ठेवायचं, कारण ऐनवेळी तेच सापडत नाही. मामांच्या हिशेबाची पंगत कधी कमी पडलेली मी पाहिली नाही. सुभेदारसाहेब तिथे वरण तीनदा मागून घेतात. त्या वेळी मामा त्यांच्याकडे बघत नाहीत, यालाच फौजी शिस्त म्हणतात.

नियम ६. कारगिल कोणी जिंकलं, हे विचारू नये.

१९९९ चं एकच युद्ध. आर्मीने त्याला ‘विजय’ म्हटलं, हवाई दलाने ‘सफेद सागर’, नौदलाने ‘तलवार’. एका युद्धाची तीन बारशी करणारी माणसं एका ओट्यावर बसतात, हेच पुष्कळ झालं.

नियम ७. युद्धविरामाचे दिवस ओळखावेत.

कॅन्टीनचा कोटा, वन रँक वन पेन्शन आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, या तीन विषयांवर तिन्ही दलं एक होतात. दाखल्यासाठी मशीनवर बोट उमटलं नाही की सुभेदार, दोन्ही काका आणि मामा एकाच आवाजात बोलतात. त्या दिवशी बँकेत आपलं काम काढू नये.

नियम ८. भरतीच्या पोरांनी सगळ्यांचं ऐकावं, मग आपलं धावावं.

पहाटे सोळाशे मीटर मारून पोरं घामाघूम होऊन ओट्यापाशी येतात. सुभेदार घड्याळ दाखवून शिव्या घालतात, ‘पयल्या चकरीतच दम कायले काढता?’ एअर फोर्सवाले काका गणिताचा पेपर सोडवायला बसवतात. मामा भिजवलेले चणे देतात. कुठे जायचं यावर तिघांचं एकमत होत नाही, पण पोरगं नागपूरच्या भरतीत पास झालं की पेढे तिघंही वाटतात.

इथे मला नियम सोडून बोलायचं आहे. २०२२ पासून ही पोरं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात आणि चारांतल्या जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवून घेतात. सरकारचा हिशेब सरकारला ठाऊक. पण चार वर्षांत माणूस आपल्या पलटणीचं नाव घ्यायला शिकतो. दुसऱ्याच्या पलटणीला नावं ठेवायला अर्धं आयुष्य लागतं. ओट्यावरची भांडणं वीस-वीस वर्षांच्या नोकरीतून मुरलेली आहेत. चोविसाव्या वर्षी परत आलेलं पोरगं कोणाशी भांडणार? ते तर पुन्हा नोकरीचा फॉर्म भरत बसणार. सुभेदारसाहेबांना हे विचारलं तर त्यांनी पहिल्यांदाच एअर फोर्सवाल्या काकांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुम्ही बोला.’ काका म्हणाले, ‘नाही, तुम्हीच बोला.’

नियम ९. चहाचे पैसे सिव्हिलियनने द्यावेत. यावर तिन्ही दलांचं एकमत आहे.