माहूरला पायी जाताना कुत्रा: काही व्यावहारिक सूचना

यवतमाळहून आर्णीमार्गे माहूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. दत्तजयंतीला आमच्या गल्लीतली आठ-दहा माणसं हे अंतर तीन दिवसांत पायी कापतात. मुक्काम कुठे, भांडी कोणाची, गुडघ्याच्या मलमाच्या ट्यूबा किती, हे सगळं निघण्याआधी अर्ध्या तासात मिटतं. मिटत नाही तो वाघ्याचा प्रश्न. वाघ्या आमचा कुत्रा. गावठी, वय सहा, रंग गुळाच्या ढेपेसारखा, स्वभाव निवृत्त तलाठ्यासारखा. त्याला न्यावं की नेऊ नये? या विषयावर कुणी शास्त्रोक्त मार्गदर्शन केलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा प्रपंच.

सूचना पहिली: मागची प्रकरणं काढून बघा. कचेरीत कोणतीही फाईल पुढे सरकवण्याआधी हेच करतात.

सर्वांत जुनं प्रकरण महाभारताच्या सतराव्या पर्वातलं. पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा अशी सात जणांची पदयात्रा निघाली. वाटेत आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. शेवटी उरले युधिष्ठिर आणि कुत्रा. म्हणजे दमसासाच्या बाबतीत कुत्रा भीमाला भारी ठरला, ही पहिली नोंद. पुढे इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, तुम्ही बसा, कुत्रा चालणार नाही. (समस्त कंडक्टरांचा हा मूळपुरुष.) युधिष्ठिर म्हणाला, मग मीही बसत नाही. तो कुत्रा साक्षात धर्म निघाला, वगैरे आपल्याला ठाऊक आहेच. पण एक बारीक मुद्दा सुटतो. कुत्रा न्यायचा की नाही यावर पांडवांनी बैठक घेतल्याचा कुठे उल्लेख नाही. तो आपण होऊन मागे लागला होता. युधिष्ठिरापुढे प्रश्न आला तो थेट शेवटी, आणि तोही कुत्रा सोडायचा का, एवढाच. नेण्याचा अर्ज कुणी केलाच नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं प्रकरण खुद्द माहूरचं. दत्तप्रभूंचा दिनक्रम तिथले लोक सांगतात तो असा: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. रोज. आणि बरोबर चार कुत्रे. पण हे उदाहरण घरात पुढे करू नका. आमच्याकडे मी केलं होतं. उत्तर आलं, "ते चार वेद होते. तुमच्या वाघ्याले 'बस' म्हटलं तर उभा राह्यते."

तिसरं प्रकरण 2024 सालचं. निपाणीजवळच्या यमगर्णीचा एक काळा कुत्रा, नाव महाराज, मालकाबरोबर पायी पंढरपूरला गेला. तिथल्या गर्दीत चुकामूक झाली. मालक शोधून थकला आणि घरी परतला. पाठोपाठ महाराजही सुमारे 250 किलोमीटर एकटा तुडवून दारात हजर. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली. आपला कुत्रा वाटेत हरवेल अशी काळजी करणाऱ्यांनी आधी आपल्याला मोबाईलशिवाय घरची वाट सापडते का, ते तपासून घ्यावं.

आणि चौथं, रायगडावरच्या वाघ्याचं. तिथला चौथरा आणि पुतळा विसाव्या शतकातला. मूळ गोष्टीला समकालीन पुरावा नाही म्हणून वाद आजही पेटतो, 2025 मध्येही पेटला. त्यात मी पडत नाही. मार्गदर्शकाने त्यातून एवढंच घ्यायचं: कुत्रा नेलात तर तो खरोखर बरोबर होता याचा तारीखवार लेखी पुरावा ठेवा. नातवंडांना त्रास नको.

सूचना दुसरी: रस्ता कुत्र्याच्या उंचीवरून बघा. हे विनोदाने सांगत नाही. एकदा खरोखर वाकून बघा, शेजारी काय म्हणतील ते म्हणू द्या. आर्णीचा रस्ता म्हणजे नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग. आपल्या डोळ्यांना तिथे दुभाजक, तुरीचं पीक आणि चहाची टपरी दिसते. कुत्र्याच्या डोळ्यांपुढे फक्त ट्रकचं चाक असतं. कडेच्या गवतात कुसळं असतात, ती कानात शिरली की आत-आतच सरकतात. बांधावर सराटे असतात, ते पंजाच्या बेचक्यात बसतात. संध्याकाळी मुक्कामाला सगळे आपापले फोड मोजत असताना तुम्हाला कुत्र्याच्या चारही पायांची बोटं फाकवून बॅटरीच्या उजेडात बघावी लागतील, आणि कानामागचे गोचीड काढावे लागतील. आमच्या जथ्यातले काकाजी ते पाहून म्हणतील, "बायकोचे पाय दाबले का कधी?" यावर उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे नव्हतं.

ऋतूचं म्हणाल तर मार्गशीर्ष बरा. सकाळी धुकं, दुपारी ऊन सोसवेल इतकंच. चैत्र-वैशाखात यवतमाळात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कुत्र्याला नेण्याचा विचारही पाप. आपल्याला अंगभर घाम येतो; त्याला येतो तो पंजांच्या गादीतून, जेमतेम. बाकी सगळा कारभार जिभेवर. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात-आठ सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर त्याचा पायही टेकवू नका.

जेवणाचा प्रश्न याहून अवघड. पदयात्रेत झुणका, वांग्याची भाजी, मसालेभात. तिन्हींत कांदा-लसूण मोकळ्या हाताने. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्याने फुटतात, तेव्हा "खाऊ द्या हो, आपल्यातलाच आहे" म्हणणाऱ्या प्रेमळ मावशींना हात जोडा. त्याच्यासाठी कोरडी भाकर आणि ताक वेगळं काढा. म्हणजे अख्ख्या दिंडीत निर्लसूण, सात्त्विक आहार घेणारा तो एकटाच. दत्तजयंतीचं पुण्य कोणाच्या खाती जमा होतं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पाणी मात्र घरचंच. शेतातल्या ड्रमात तोंड घालू देऊ नका. 2017 साली कपाशीवरच्या फवारणीने आपल्या जिल्ह्यात माणसं दगावली. रिकामा दिसणारा ड्रम रिकामा नसतो, हे इथल्या लेकरालाही कळतं. कुत्र्याला कळत नाही.

सूचना तिसरी वाघाबद्दल. ही यवतमाळकरांसाठीच आहे. पुण्याच्या वाचकांनी गाळली तरी चालेल.

"कुत्रा संगं असला तं वाघाची भीती नाई," असं आमच्याकडे छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांना ऑक्टोबर 2018 आठवून द्यावा. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-वन वाघिणीचा, म्हणजे अवनीचा, शोध चालू होता. माणसं जीव मुठीत धरून शेतात जात होती. त्या शोधासाठी एका नामवंत गोल्फपटूचे केन कॉर्सो जातीचे कुत्रे आणले होते. नाव उच्चारताना जीभ अडखळावी असे, खांद्याने रुंद, परदेशी वंशावळीचे. वाघीण त्यांना सापडली नाही. ती मारली गेली 2 नोव्हेंबरच्या रात्री, बोराटीजवळ, आणि त्यात कुत्र्यांचा काही हात नव्हता. मग आमचा वाघ्या काय दिवे लावणार? नावात वाघ आहे, एवढंच. बिबट्याच्या लेखी कुत्रा म्हणजे राखणदार नव्हे, ताट. जंगलाच्या कडेला मुक्काम असेल तर कुत्रा बरोबर असणं म्हणजे बिबट्याला आमंत्रणपत्रिका धाडणं. आणि टिपेश्वरसारख्या अभयारण्यात तर पाळीव कुत्र्याला प्रवेशच नाही. तेही बरोबरच आहे, आपल्या कुत्र्यांचे रोग जंगलातल्या जनावरांना भोवतात.

खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्याने घडवलेला सर्वांत मोठा पदयात्री टिपेश्वरचाच. माणूस नव्हे. 2019 साली गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तिथून निघाला, आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नाले, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर काढेपर्यंत त्याची चाल भरली सुमारे 3000 किलोमीटर. जगाने त्याला 'वॉकर' नाव दिलं. मलम नाही, सतरंजी नाही, चहाला थांबणं नाही, मुक्कामाच्या शाळेची किल्ली कोणाकडे यावरून भांडण नाही. आणि कुत्रा नाही. हा शेवटचा मुद्दा आमच्या बैठकीत निर्णायक ठरला. काकाजी म्हणाले, "त्यानं नाई नेला, तं आपुन कायले न्याचा?"

ठराव झाला. वाघ्या घरी.

इथे ही मार्गदर्शिका संपायला हवी होती. पण सूचना चौथी आहे, आणि ती मला आर्णी नाक्यावर पहाटे साडेपाचला समजली.

टपरीवर चहा घेतला आणि निघालो. अर्ध्या तासाने मागे वळून पाहिलं, तर एक काळी-पांढरी कुत्री आमच्या मागे. एक कान फाटका. कोणीच बोलावलं नव्हतं. कोणी बिस्किट टाकलं का, यावर चौकशी बसली, सगळ्यांनी नाकारलं. (काकाजींच्या खिशात पुड्याचा कागद होता.) "हाड" म्हटलं की ती दहा पावलं मागे सरे, आणि आपण चालू लागलो की तीच दहा पावलं पुढे येई. कुत्रा न्यायचा की नाही यावर आठवडाभर चाललेली आमची चर्चा तिला कोणी कळवली नसावी.

एक गाव आलं की वेशीवर त्या गावचे कुत्रे उभे. खरी परीक्षा ही. माणसाच्या नकाशात जिल्हे-तालुके असतात. कुत्र्यांच्या नकाशात दर अर्ध्या किलोमीटरला एक संस्थान. प्रत्येक संस्थानाचं वेगळं सैन्य, वेगळी जकात. ती शेपटी पायांत घालून आमच्या मधोमध चालायची आणि आम्ही नकळत तिच्याभोवती कडं करायचो. काकाजींनी तर काठी उगारली. बैठकीत "नाई न्याचा" म्हणणारे हेच. सांगण्यासारखं एवढंच की अनोळखी कुत्र्याशी वागताना हात आवरता ठेवा. खरचटलं जरी, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करा. तिथे श्रद्धा चालत नाही.

आर्णीला अरुणावतीच्या पुलावर ती पोटभर पाणी प्यायली. मुक्कामाला व्हरांड्याच्या पायरीशी झोपली, आत आली नाही. तिसऱ्या दिवशी धनोड्याहून माहूरच्या रस्त्याला लागलो, पैनगंगेचा पूल आला, आणि ती पुलाच्या तोंडाशी बसली. पलीकडे नांदेड जिल्हा. आम्ही हाका मारल्या. हो, आम्हीच. काकाजींनी पुडा काढला, उघड उघड. ती हलली नाही. पूल ओलांडून वळून पाहिलं तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसली होती, कोणाची तरी वाट पाहावी तशी.

परतताना बसच्या खिडकीतून दिसली. आर्णीकडून एक दुसरी दिंडी येत होती, भगवे झेंडे, बायकांच्या डोक्यावर वळकट्या. त्यांच्या मधोमध काळी-पांढरी, फाटक्या कानाची. मी काकाजींना दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपुनच तिच्या संगं गेल्तो."

घरी पोचलो तर वाघ्या दारात. शेपटी हलली, थांबली. त्याने माझी पॅन्ट पोटरीपासून गुडघ्यापर्यंत सावकाश हुंगली, मग दुसरा पाय, मग पिशवी, मग पुन्हा पहिला पाय. पंचनामा पुरा झाल्यावर तो पायरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. प्रसादाचा पेढा दाखवला. त्याने डोळा उघडला नाही.