अकरा महिन्यांचे बिऱ्हाड
पुण्याहून दिवे घाट चढून सासवडास बिऱ्हाड थाटण्याचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याला कऱ्हेकाठची कोरडी हवा, अंजिरांच्या बागा आणि शहराच्या मानाने माफक भाडे, या तीन गोष्टींचा मोह पडलेला असतो. पैकी पहिल्या दोन खऱ्या ठरतात, आणि तिसरीविषयी त्याचा भ्रमनिरास करण्याचे कर्तव्य घरमालक जातीने पार पाडतो.

आमच्या घरमालकांना सारी आळी आबा म्हणते. भाडे ठरविताना सासवड हे त्यांच्या लेखी पुण्याचे उपनगर असते. "घाट उतरला की हडपसर, आणि हडपसर म्हणजे पुणंच की!" परंतु माडीवर पाणी का चढत नाही, अशी पृच्छा करताच तेच सासवड क्षणार्धात शंभर कोस मागे सरते आणि आबा वडीलकीच्या स्वरात म्हणतात, "अहो, खेड्यात राहायचं म्हणजे एवढं चालायचंच." जेमतेम तीस किलोमीटरचे अंतर सोयीप्रमाणे ताणणारा आणि आखडणारा असा भूगोलज्ञ माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

करारनाम्याची मुदत अर्थातच अकरा महिने. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याने फर्मावल्यापासून अकरा या अंकास घरमालकवर्गात जे पावित्र्य लाभले, ते एकादशीच्या खालोखाल असावे. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही पळवाट बुजविली, अकरा महिन्यांच्या परवानगीचा दस्तही लेखी व नोंदणीकृत असावा असे बंधन घातले, आणि तसा दस्त नसल्यास भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरण्याची तजवीज केली, हे मी भीत भीत त्यांच्या निदर्शनास आणले. आबांनी चष्मा कपाळावर सरकविला. "मग सांगून टाका तुमच्या अटी, म्हणजे मला नाकारता येतील!"

असा हा गृहस्थ कंजूष म्हणावा, तर सीताफळांच्या हंगामात न मागता पाटीभर फळे उंबऱ्याशी आणून ठेवतो, आणि उदार म्हणावा, तर जिन्यातल्या दिव्याच्या विजेची वाटणी पैशापर्यंत करून तिचा तपशील त्याच पाटीत, फळांखाली, घडी घालून ठेवतो.

ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी सासवडास दोन रात्री मुक्कामास असते. सोपानदेवांची समाधीही याच गावी असल्याने हा मुक्काम म्हणजे भावाच्या घरचा पाहुणचार, आणि त्यात कोणी अंथरुणापांघरुणाचा हिशोब करीत नाही. आदल्या दिवशी आबा म्हणाले होते, "चार माळकरी आहेत, ओसरीवर टेकतील." आले तेवीस. ओसरी भरली, मग माझी बैठकीची खोली भरली, आणि भजन संपेतो, जिचे भाडे मी आगाऊ भरले होते त्या जागेत, माझ्या वाट्यास स्वयंपाकघराचा एक कोपरा उरला. पहाटे आबांच्या घरून चहाची किटली आली ती पंगतीने वाढली गेली. मलाही कप मिळाला. शेजारच्या वृद्ध वारकऱ्याने मोठ्या आपुलकीने विचारले, "माउली, आपण कोणत्या दिंडीतले?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच दारातून आबा उत्तरले, "ते होय? ते आमच्याच दिंडीतले. मुक्काम अकरा महिने."